दुःखाच्या वाटेवर श्रद्धेची वाढ

घरातील कर्त्या माणसाला असाध्य आजार जडतो. तरुण मुलगा अपघातात दगावतो. आयुष्यभराच्या कष्टाने उभा केलेला व्यवसाय बुडतो. ज्याच्यावर विसंबून राहावे, तोच माणूस पाठ फिरवतो. अशा वेळी श्रद्धावंताच्या ओठांवर येणारा पहिला शब्द बहुधा प्रार्थनेचा नसतो, तो प्रश्नाचा असतो. “आमच्याच वाट्याला हे का? आम्ही दर रविवारी मिस्सेला जातो, संध्याकाळी घरात जपमाळ होते, कोणाचे वाईट चिंतिले नाही. मग परमेश्वराने असे का केले?”

हा प्रश्न विचारण्यात अश्रद्धा नाही. परंतु त्याला आपण जे उत्तर देतो, त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जण मिळून पुत्रशोकात बुडालेल्या एका मातेच्या सांत्वनासाठी गेलो होतो. काय बोलावे हे सुचत नव्हते, म्हणून आमच्यापैकी एकाने म्हटले, “देवाला चांगली फुले आवडतात, म्हणून तो ती लवकर खुडून नेतो.” ती माता काहीच बोलली नाही. पुढे कित्येक महिने ती चर्चच्या पायरीवर दिसली नाही. नंतर तिने शेजारणीला सांगितले, “ज्या देवाने माझे लेकरू खुडले, त्याच्यापुढे मी गुडघे कशी टेकू?” आमचा हेतू चांगला होता, पण आम्ही तिला जो देव दाखवला, तो येशू ख्रिस्ताचा पिता नव्हता. त्या दिवसापासून हा विषय आम्हाला केवळ प्रवचनाचा राहिला नाही. दुःखाविषयी ख्रिस्तसभा नेमके काय शिकवते आणि दुःखातून आत्मिक वाढ होते म्हणजे काय होते, हे येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

दुःख ही शिक्षा आहे काय?

आपल्या समाजात एक समजूत खोल रुजलेली आहे. माणूस आजारी पडला, म्हणजे त्याच्या हातून काहीतरी पाप घडले असले पाहिजे. येशूच्या काळातही लोक असाच विचार करीत. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी गुरूला विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हायचे आहे, असे सांगितले. मग तो स्वस्थ बसला नाही. त्याने चिखल कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावला व त्याला दृष्टी दिली. लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती, ही कल्पना येशूने तेथेही खोडून काढली.

जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ तर याच प्रश्नावर उभा आहे. ईयोब नीतिमान होता, तरी त्याची संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य सारे काही गेले. त्याचे तीन मित्र भेटीस आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहिले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती. मग त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाला त्याच्या पापांचा शोध घ्यायला सांगू लागले. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर कोणावर रागावतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर तो रागावतो. ज्याने देवाशी वाद घातला, त्या ईयोबाचेच बोलणे यथार्थ होते, असा निर्वाळा तो देतो.

आपल्या चुकांचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात, हे खरे आहे. दारूने यकृत खराब होते, उधळपट्टीने घर कर्जात बुडते. परंतु एखाद्याच्या दुःखावर बोट ठेवून ‘ही तुझ्या पापाची शिक्षा’ असे म्हणण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला दिलेला नाही.

विलाप हीसुद्धा प्रार्थनाच

दुःखात रडणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असेही आपल्याला वाटते. पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांपैकी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी आशेचा किरणही दिसत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ख्रिस्तसभा ते आपल्या नित्यप्रार्थनेत म्हणते. ज्या माणसाला देवाशी काहीच कर्तव्य उरलेले नाही, तो देवाकडे तक्रारही करीत नाही. तक्रार करणारा माणूस अजून देवाशी बोलत असतो.

स्वतः प्रभू येशू लाजराच्या कबरेपाशी रडला. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा अशी विनवणी पित्याला केली आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेला मान तुकवली. क्रूसावर त्याच्या मुखी बाविसाव्या स्तोत्रातील, देवाने आपल्याला सोडून दिल्याचा आक्रोश होता. देवाच्या पुत्राला जे लाजिरवाणे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

क्रूसाने काय बदलले?

पोप संत जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात प्राणघातक गोळीबार झाला. दीर्घ उपचारांनंतर ते बरे झाले आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी रोममधील तुरुंगात जाऊन त्यांनी आपल्या हल्लेखोराची भेट घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर ‘साल्व्हिफिची दोलोरिस’ हे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. ज्याने स्वतःच्या देहावर दुःख झेलले होते, त्याने ते लिहिले होते, म्हणून त्या पत्राचे वजन वेगळे आहे.

या पत्राचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. दुःख हे स्वतःहून चांगले नाही. ते उणीव आहे, वाईटाचा अनुभव आहे. माणूस देवाला ‘का?’ असे विचारतो आणि देव तो प्रश्न ऐकून घेतो. परंतु त्याचे उत्तर एखाद्या सिद्धांताच्या रूपाने येत नाही. ते क्रूसावरून येते. आपला पुत्र देऊन देव स्वतः मानवी दुःखात उतरला. त्यामुळे ज्या ठिकाणी देव नाही असे वाटत होते, तेथेच त्याची भेट होऊ लागली. संत पौल कलस्सैकरांस लिहिताना, आपण आपल्या देहात ख्रिस्ताच्या क्लेशांचा वाटा त्याच्या शरीरासाठी, म्हणजे ख्रिस्तसभेसाठी, उचलत आहोत असे म्हणतो. ख्रिस्ताच्या तारणकार्यात काही कमी राहिले, असा याचा अर्थ नाही. त्या कार्यात सहभागी होण्यासाठी ख्रिस्ताने आपल्यालाही जागा ठेवली आहे, असा त्याचा अर्थ आहे. अंथरुणाला खिळलेली आजीबाई आपली वेदना नातवंडांसाठी, धर्मग्रामासाठी अर्पण करते, तेव्हा ती निरुपयोगी उरत नाही. मिस्साबलीतील अर्पणाशी तिची खाट जोडली जाते.

वाढ आपोआप होत नाही

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल एक साखळी मांडतो. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा निर्माण होते. ही साखळी यंत्रासारखी चालत नाही. दुःखाने माणसे कडवटही होतात, निष्ठुरही होतात. कालवारीवर येशूच्या दोन बाजूंना दोन अपराधी होते. वेदना एकच, मरणही एकच. एकाने निंदा केली, तर दुसऱ्याने आपले स्मरण ठेवण्याची विनंती केली. दुःखाने फक्त दार उघडले. आत जायचे की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवले. मग या दारातून आत जाणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? चार साक्षीदारांच्या जीवनातून आपण हे समजून घेऊ.

पहिले साक्षीदार संत इग्नेशियस लोयोला. २० मे १५२१ रोजी पांपलोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडून असताना त्यांना शूर सरदारांच्या कथा वाचायच्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. सक्तीच्या त्या विश्रांतीत त्यांना एक गोष्ट उमगली. सरदारकीची स्वप्ने रंगवताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या मार्गाचा विचार केल्यावर येणारी शांती मात्र टिकून राही. आत्म्यांची पारख करण्याची त्यांची पुढील सर्व शिकवण या निरीक्षणातून फुलली. त्यातील एक नियम आपण घरच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. मन उदास व अंधारलेले असताना पूर्वी शांतपणे घेतलेले निर्णय बदलू नयेत. कित्येक संसार, कित्येक पाचारणे या एका नियमाने वाचली असती.

दुसरे साक्षीदार आपल्या मातीतील आहेत. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांचे साहाय्यक म्हणून जपानला गेले, तेथील भाषा शिकले, कष्टाने सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ होती, ती पूर्ण झाली नाही. ते व्यापाराकडे वळले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले आणि १५९३ साली ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ज्या वर्षांत स्वप्न मोडले असे वाटत होते, त्याच वर्षांत त्यांनी जी भाषा आत्मसात केली होती, तीच आता सुवार्तेच्या कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर चढवण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद बहाल झाले. आपण त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण करतो, पण नकार मिळालेल्या त्या वर्षांचेही करायला हवे. नोकरीत, अभ्यासात, विवाहाच्या बाबतीत नकार पचवणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींना गोन्सालोंच्या क्रूसाइतकाच त्यांचा हा धीर जवळचा वाटेल.

तिसऱ्या साक्षीदार केरळच्या संत अल्फोन्सा. १९१० साली जन्मलेल्या या मुलीची आई लवकरच वारली. विवाह टाळून देवाला जीवन वाहण्याच्या ध्यासात असताना त्यांचे पाय आगीने गंभीर भाजले. भरणंगानम येथील क्लारिस्ट मठात प्रवेश केल्यानंतरही आजाराने त्यांची पाठ सोडली नाही. शिकवण्याचे काम सोडावे लागले. मोठी संस्था काढली नाही, गाजलेला ग्रंथ लिहिला नाही. बहुतेक काळ खोलीतच गेला. मात्र त्यांच्या खोलीशी येणाऱ्या मुलांना हसतमुख माया मिळत असे. २८ जुलै १९४६ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १२ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केले. ‘मी काहीच करू शकत नाही, मग माझा उपयोग काय?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी हे उत्तर आहे. प्रेम करण्याची क्षमता आजार हिरावून घेऊ शकत नाही.

चौथे साक्षीदार व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, पवित्र मरिया मातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात राहिले, त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात. अंधाऱ्या कोठडीत एक विचार त्यांना छळत होता. आठ वर्षे ज्या धर्मप्रांताची सेवा केली, ते काम अर्धवट पडले, आपली उमेदीची वर्षे वाया चालली आहेत. एका रात्री त्यांना आतून एक जाणीव झाली. देव वेगळा आणि देवाचे काम वेगळे. काम हिरावले गेले तरी देव हिरावला गेलेला नाही, आणि आपण निवड देवाची केली होती. त्या जाणिवेने त्यांना शांती लाभली. पोटाचे औषध म्हणून धाडलेल्या थोड्याशा द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पहारेकऱ्यांशी ते इतक्या मायेने वागले की त्यांच्यापैकी काहींशी त्यांची मैत्री झाली. १९८८ साली त्यांची सुटका झाली आणि २००० साली प्रायश्चित्तकाळात त्यांनी पोप महोदयांना व रोमन कार्यालयातील सहकाऱ्यांना आध्यात्मिक साधनेची प्रवचने दिली.

चौघांच्या जीवनात एक समान सूत्र दिसते. इग्नेशियस यांची सरदारकी गेली, गोन्सालोंचे पहिले स्वप्न मोडले, अल्फोन्सांचे आरोग्य गेले, व्हान थुआन यांचे काम गेले. ज्याच्यावर माणूस स्वतःची ओळख उभी करतो, ते निसटले आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी देवाला येऊ दिले. आत्मिक वाढ म्हणतात ती हीच. तिची खूण वेदना कमी होण्यात नसते. आपण अधिक नम्र झालो का, दुसऱ्याच्या दुःखाला अधिक लवकर ओळखू लागलो का, क्षमा करणे थोडे सोपे झाले का, यावरून ती ओळखावी.

क्रूस कोणता आणि अन्याय कोणता?

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. ‘हा तुझा क्रूस आहे, उचल’ असे सांगून टाळता येण्याजोगे दुःख माणसांच्या गळ्यात बांधणे, हा ख्रिस्ताच्या क्रूसाचा अवमान आहे. येशूने आजाऱ्यांना आजार सोसण्याचा उपदेश केला नाही, त्याने त्यांना बरे केले. म्हणून औषधोपचार घेणे ही अश्रद्धा नव्हे. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच वैद्यकीय तज्ज्ञांपुढे बोलताना वेदनाशामक औषधे वापरण्यास मान्यता दिली होती. आजची धर्मशिकवण असाध्य रुग्णांच्या वेदनाशामक सेवेला प्रोत्साहन देते आणि तिला निःस्वार्थ प्रेमाचे एक विशेष रूप मानते. बरे होण्यासाठी प्रार्थना अवश्य करावी, परंतु प्रार्थनासभेत जाऊन आल्यावर डॉक्टरांची औषधे बंद करणे हा देवाची परीक्षा पाहण्याचा प्रकार आहे. मनाच्या आजारांनाही हेच लागू आहे. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीला ‘श्रद्धा वाढव’ एवढेच सांगून परत पाठवू नये, तिला योग्य तज्ज्ञाकडे न्यावे.

तद्वतच, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला मुकाट्याने सहन करण्याचा सल्ला देणे, ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात स्पष्ट केले आहे की, हिंसेपासून दुर्बल जोडीदाराचे व मुलांचे रक्षण करण्यासाठी विभक्त राहणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. जे दुःख दूर करता येते, ते दूर करावे. जे कोणत्याही प्रयत्नाने दूर होत नाही, ते ख्रिस्ताच्या हाती सोपवावे. संत पौलाने आपल्या देहातील काटा दूर व्हावा म्हणून प्रभूची तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण तो सोसण्यास पुरेल अशी कृपा त्याला मिळाली. त्याने आधी मागितले, मग स्वीकारले. हाच क्रम आपणही पाळावा.

रुग्णाभ्यंग : जगणाऱ्यांचा संस्कार

दुःखितांसाठी ख्रिस्तसभेने एक स्वतंत्र संस्कार ठेवला आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याचा आधार सापडतो. दुर्दैवाने आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात अजून ‘शेवटचे तेल’ हीच कल्पना आहे. धर्मगुरूंना घरी बोलावले, तर आजारी माणूस घाबरेल या भीतीने नातेवाईक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही असे स्पष्ट केले आणि १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा नूतन विधी जाहीर केला. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, वार्धक्याने आलेली दुर्बलता अशा वेळी तो घेता येतो आणि प्रकृती पुन्हा खालावल्यास पुन्हाही घेता येतो. रुग्ण शुद्धीवर असताना, घरच्यांनी भोवती जमून प्रार्थना म्हणत असताना तो दिला जावा, हेच उचित. आत्म्याला बळ, मनाला शांती, पापांची क्षमा आणि देवाच्या इच्छेनुसार शरीराला आरोग्य ही त्याची फळे आहेत. दर वर्षी ११ फेब्रुवारीला पाळला जाणारा जागतिक रुग्ण दिन १९९३ साली सुरू झाला. त्या निमित्ताने आपल्या घरातील वृद्धांना हा संस्कार मिळेल, असे पाहावे.

आपण काय करू शकतो?

पोप जॉन पॉल यांनी आपल्या त्या पत्राचा शेवटचा भाग चांगल्या शमरोनीच्या दाखल्याला वाहिला आहे, हे सूचक आहे. दुःखाचे रहस्य समजले की नाही, याची परीक्षा रस्त्याच्या कडेला पडलेल्या माणसापाशी होते. शमरोनी थांबला, त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस घातला, खाणावळीचे पैसे भरले. त्याने जखमी माणसाला दुःखाचे तत्त्वज्ञान ऐकवले नाही.

शोकाकुल घरी जाताना आपण हे ध्यानात ठेवावे. उत्तरे नेऊ नयेत. ‘देवाची इच्छा’ हे शब्द दुःखी माणसाने स्वतः उच्चारावेत, आपण त्याच्यावर लादू नयेत. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याची आठवण काढावी. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. खरी गरज महिनाभराने, पहिल्या नाताळाला, पहिल्या वाढदिवसाला लागते. त्या दिवशी जावे. जेवणाचा डबा न्यावा, दवाखान्यात सोबत करावी, रुग्णाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला दोन तास विश्रांती द्यावी. शिमोन कुरेनेकराने येशूचा क्रूस कायमचा काढून घेतला नाही, काही पावले वाहिला. काही पावले पुरेशी असतात.

ज्या मातेचा उल्लेख सुरुवातीला केला, तिच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस आमच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आमच्या पहिल्या बोलण्याबद्दल आम्ही तिची क्षमा मागितली आणि तिच्या मुलाविषयी ती जे सांगत गेली ते ऐकत राहिलो. निघताना तिने विचारले, “मरिया मातेलाही कोणी असेच काही सांगितले असेल का?” आम्ही म्हणालो, शास्त्रात तसे लिहिलेले नाही. क्रूसाजवळ ती उभी होती आणि तिच्याजवळ योहान उभा होता, एवढेच लिहिले आहे. त्यानंतरच्या गुड फ्रायडेला ती क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला आली आणि मागच्या बाकावर बसली. तिचे दुःख संपलेले नाही. पण चौथ्या स्थानापाशी, जेथे येशू आपल्या मातेला भेटतो, ती इतरांबरोबर गुडघे टेकून राहिली.

क्रूसाच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाजवळ आपल्यापैकी कोणीतरी उभे राहावे आणि आपल्या वाट्याला आलेल्या दुःखात आपल्याला जखमा धारण करणाऱ्या पुनरुत्थित प्रभूची भेट घडावी, हीच प्रार्थना. पुनरुत्थानानंतरही त्याने आपल्या जखमा पुसून टाकल्या नाहीत. थोमाला त्याच दाखवून त्याने त्याची श्रद्धा जागी केली.